खुंटीवरचा एप्रन

वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात, टाक्यांच्या खोलीच्या दाराबाहेर, भिंतीला एक लाकडी खुंटी होती. त्या खुंटीवर माझा पांढरा एप्रन लटकलेला दिसला की गेटवरच्या वॉचमनपासून लेबलं चिकटवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं, की मॅडमची आज पाळी आहे. शब्द कोणी उच्चारायचं नाही. शब्दाची लाज होती ना! एप्रनची नव्हती.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. आमचा कारखाना वाईनचा होता. नाशिककडून द्राक्षांचे ट्रक यायचे, आमच्याकडे ती चिरडली जायची, आंबवली जायची आणि बाटल्यांत भरली जायची. तेव्हा ठाण्यात कोणाला वाईन म्हटलं तर ‘म्हणजे दारूच ना?’ एवढंच विचारायचे. मी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेले, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, आई बाजारात मासळी विकणारी. केमिस्ट म्हणून लागले तेव्हा पूर्ण कारखान्यात बायका दोन. एक मी आणि दुसरी बाटलीच्या लेबलवर. ती गोरीपान, डोक्यावर द्राक्षांचा घोस घेतलेली, मालकांनी कुठल्यातरी परदेशी कॅलेंडरवरून उचललेली. तिला आत-बाहेर सगळीकडे मोकळीक होती.

माझं काम लॅबमधलं. रसातली साखर मोजा, आम्लता काढा, यीस्टचं विरजण लावा. मी त्याला विरजणच म्हणायचे, कारण ते तेच होतं. रोज त्याला थोडा रस पाजायचा, कोमट ठेवायचं, फेस धरला की टाकीत सोडायचं. एकदा का टाकी उकळायला लागली, म्हणजे आगीशिवाय उकळायला लागली, की सालं आणि बिया वर येऊन जाड थर धरतात. तो चोथा दिवसातून तीनचारदा लाकडी दांड्याने खाली दाबावा लागतो. नाही दाबला तर वरच्या वर उघडा राहतो, चिलटं बसतात आणि मार्चच्या उकाड्यात सगळ्याचं व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. टाक्या थंड ठेवायला गोणपाटात गुंडाळून बर्फाच्या लाद्या लावायचो. तो बर्फ आई पापलेटावर घालायची त्याच कारखान्यातून यायचा. बर्फवाला मला आईच्या नावाने ओळखायचा आणि लादी कधी फुटकी द्यायचा नाही.

हे सगळं मला मनापासून आवडायचं. पण मला हवं होतं ते लॅबमध्ये नव्हतं. ते मालकांच्या केबिनमध्ये होतं.

आमच्या इस्टेटला शुक्रवारी सुट्टी. शनिवारी सकाळी केबिनमध्ये चव घ्यायला सहा जण बसायचे. मालक, मॅनेजर, सेल्सचे दोघे, हिशोबाचे एक आणि आमचे जुने ब्लेंडर. ब्लेंडर म्हणजे कुठल्या टाकीतली किती वाईन कुठल्या टाकीत मिसळायची हे ठरवणारा माणूस. बाटलीत शेवटी जे जातं ते त्याच्या जिभेवरून जातं. हे आमचे ब्लेंडर गोव्याकडचे, फार कमी बोलणारे आणि आता निवृत्तीला आलेले. मालक उघड म्हणायचे, की पुढचा ब्लेंडर या टेबलावरूनच निवडणार. ती जागा मला हवी होती. आणि टेबलावर बसल्याशिवाय ती मिळणार नव्हती.

मी काय करायचे? ग्लास पुसायचे, त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावायचे, वाईन ओतायचे, ट्रे आत नेऊन ठेवायचे आणि बाहेर येऊन दार लावून घ्यायचे. बाहेरून. मग बंद दाराआडून ‘ब्लॅक करंट’, ‘चेरी’, ‘ओक’ असले शब्द ऐकू यायचे. त्या सहांतल्या एकाने तरी आयुष्यात ब्लॅक करंट हे फळ पाहिलं असेल तर शपथ. पुस्तकात होतं म्हणून त्यांना ते ग्लासात लागायचं. जांभळाचं नाव मात्र कोणी घ्यायचं नाही. जांभूळ आपल्या गल्लीत टोपलीत मिळतं ना, ते वाईनला कसं शोभणार!

एकदा धीर करून मॅनेजरना म्हटलं, “सर, मलाही टेबलावर बसायचंय.”

मॅनेजर ठाण्यातल्या नौपाड्याच्या सोवळ्या वस्तीतले. स्वच्छ शर्ट, हळू आवाज, कधी कोणाला अरेतुरे नाही. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या घरी चालेल का हो? मुलीच्या जातीला उगाच बोल लागायला नको.”

“आमच्यात लग्नात देवाला आधी दारूच दाखवतात, सर. म्हाताऱ्या बायकासुद्धा घोटभर घेतात.”

“तेच तर,” ते लगेच म्हणाले, “तुमच्यात चालतं. पण मग चव आणि नशा यात फरक असतो ना. तो संस्कार लागतो.”

म्हणजे बघा. बाई म्हणून मी प्यायची नाही आणि कोळीण म्हणून मी पिणारीच. दोन्हीकडून दार बंद. अंगाचा असा तिळपापड झाला, की लॅबमध्ये येऊन मी हातातला काचेचा ब्युरेट आपटणारच होते. मग आठवलं की काचा मलाच वेचायच्यात. त्यांच्याच घरात बाळंतिणीला चमचाभर ब्रँडी द्यायचे, ते मला ठाऊक होतं. ते औषध. बाईने आडवं पडून घेतलं तर औषध, खुर्चीवर बसून घेतलं तर संस्कारांचा प्रश्न.

त्यानंतर काही महिन्यांनी फ्रान्सहून एक सल्लागार आला. उंच, उन्हाने लाल झालेला, घामाने बेजार. त्याला कारखाना दाखवताना मॅनेजर आणि मी सोबत होतो. मी टाकीवर चढून चोथा दाबत होते ते बघून तो हसला आणि मॅनेजरना इंग्रजीत काहीतरी गमतीने सांगायला लागला. त्याच्या आजोबांच्या गावात म्हणे बायकांना त्या दिवसांत तळघरात उतरू देत नसत. वाईन फिरते, म्हणजे आंबट होऊन नासते, असा समज होता. त्याने सांगितलं ते जुन्या लोकांचं हसं करायला. पण आमच्या मॅनेजरांचा चेहरा असा उजळला, की सातासमुद्रापार हरवलेला भाऊच भेटला. “बघा!” ते मला म्हणाले. “आपल्या लोणच्यासारखंच! म्हणजे यात काहीतरी तथ्य असणार.”

आमच्याकडचं खूळ विलायतेहून शिक्का मारून आलं की त्याचं शास्त्र होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्याच आठवड्यात नियम आला. मॅनेजर माझ्याशी बोलताना टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. “मॅडम, तेवढे चार दिवस तुम्ही टाक्यांकडे येऊ नका. लॅबमधलं बघा. मला काही सांगायलाबिंगायला नको. एप्रन बाहेर खुंटीला अडकवा, म्हणजे आम्ही समजून घेऊ.” त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझी लाज राखली. तोंडाने विचारायला नको म्हणून त्यांनी माझी पाळी भिंतीला टांगली!

पहिल्या महिन्यात मी मुकाट्याने एप्रन अडकवला. हमालांनी मान वळवली, एकाने दुसऱ्याला ढोसलं. संध्याकाळी घरी आईला सांगितलं. ती ओट्यावर बसून जाळ्याचा तुटका भाग विणत होती. ऐकून तिने हात थांबवलेसुद्धा नाहीत.

“अगो, बाजाराला चार दिस नसतान,” ती म्हणाली. “मी त्या चार दिसान घरी बसली असती तं चूल कशी पेटली असती? मासली कदी नासली नाय माझ्या हातान. आनि त्या पान्याला काय कलतंय, कोनाला काय झालंय?” मग दातांत धरून दोरा तोडत, “आनि तू अडकवलास कशाला?”

 या प्रश्नाचं उत्तर मी पुढच्या महिन्यापासून दिलं.

एप्रन मी अडकवतच राहिले. फक्त माझ्या सोयीने. ज्या दिवसांत खरोखर पाळी असायची त्या दिवसांत एप्रन अंगात आणि मी टाकीवर. एखाद्या आठवड्यात कंटाळा आला, डोकं दुखलं, घरी पाहुणे आले, की एप्रन खुंटीला आणि मी पाचच्या ठोक्याला गेटबाहेर. कोणी विचारायची सोय नव्हती. विचारायचं म्हटलं तर तो शब्द उच्चारावा लागला असता. त्यांच्या लाजेवर मी आरामात वर्ष काढलं आणि मला त्याचा रतीभर पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही.

पुढचा सीझन आला. फेब्रुवारीच्या शेवटी आलेला माल दोन नंबरच्या टाकीत भरला. विरजण मी लावलं, मी सोडलं, चोथा मी दाबला. पोटात कळा येत होत्या, कंबरेला पंचा घट्ट बांधला होता, आणि मी दांडा खाली दाबताना दर वेळी मनात म्हणत होते, फिर, आता फिरून दाखव. टाकी फिरली नाही. टाकी गाणं म्हणावं तशी खदखदत राहिली. शुक्रवारी सुट्टी असूनही मी येऊन चोथा दाबून गेले.

मग शिमगा आला. आमच्याकडे शिमगा म्हणजे दिवाळीहून मोठा. होड्या रंगवून, पताका लावून खाडीत उभ्या राहतात, कोणी मासेमारीला जात नाही, बायका आठवडाभर गात असतात. मी रजा मागितली. सीझन आहे, नाही मिळणार, असं उत्तर आलं. ठीक आहे. मंगळवारी तीन नंबरची टाकी भरून दिली आणि बुधवारी सकाळी एप्रन खुंटीला अडकवला. मॅनेजरना लॅबच्या दारातून विचारलंही, “सर, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी चोथा कोण दाबणार? दाबायलाच लागेल.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “आम्ही बघू, मॅडम. तुम्ही काळजी करू नका.”

शुक्रवारी मी कोळीवाड्यात नाचत होते. शनिवारी कारखान्याच्या गेटातच व्हिनेगरचा वास आला. कोणीही बघायला आलं नव्हतं. चोथा वर कोरडा पडला होता आणि त्याच्यावर चिलटांचा ढग. मॅनेजर रुमाल नाकाला लावून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खुंटीकडे पाहिलं.

एप्रिलमध्ये, वाईन जरा निवळल्यावर, दोन्ही टाक्या चवीला घेतल्या. तीन नंबरचं काय करायचं ते ठरवायचं होतं. मी नेहमीसारखे ग्लास भरले, नमुन्याच्या बाटल्यांसकट ट्रे घेऊन आत गेले. मालकांनी दोन नंबरचा ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला, आणि त्यांचे डोळेच मिटले. “वा,” ते म्हणाले. “ये तो अपना माल लगता ही नहीं. हीच बाटली आपण मोठ्या हॉटेलांना दाखवायची.” सेल्सच्या दोघांनी ब्लॅक करंट, ब्लॅक करंट सुरू केलं. जुन्या ब्लेंडरांनी मात्र दुसऱ्यांदा घोट घेतला, आणि ते कधी दुसऱ्यांदा घेत नसत.

मी शेवटचे ग्लास मांडून रिकामा ट्रे घेऊन दाराकडे वळले. तेवढ्यात मालकांनी विचारलं, “मग तीन नंबरला काय झालं?”

मॅनेजरांनी घसा खाकरला. “प्रोसेसमध्ये काही चूक नाही, शेठ. त्याचं असं आहे की काही गोष्टी शास्त्रात बसत नाहीत. मॅडमनी मंगळवारी टाकी भरली आणि बुधवारी… म्हणजे बुधवारी एप्रन अडकवला. अडकवायला एक दिवस उशीर झाला. त्यांचाही दोष नाही म्हणा, निसर्ग आहे. पण म्हणूनच मी म्हणतो, टाक्यांचं काम आता त्यांच्याकडे नको. त्या लॅबमध्येच बऱ्या.”

सहा जणांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच ग्लासांत पाहिलं.   माझी टाकी, माझं विरजण, माझी दोन वर्षं, एका लाकडी खुंटीवर टांगून हा माणूस मला लॅबमध्ये बंद करत होता, आणि तेही ‘दोष नाही’ म्हणत. टेबल तर राहिलंच, आता टाकीही जाणार होती.

मी ट्रे टेबलावर ठेवला.

“तीन नंबरच्या वेळी मला पाळी नव्हती, सर,” मी म्हटलं. त्या केबिनमध्ये तो शब्द पहिल्यांदाच आला असावा, कारण हिशोबाचे गृहस्थ खुर्चीत मागे सरकले. “मला शिमग्याला लवकर घरी जायचं होतं, म्हणून एप्रन अडकवला. टाकी नासली कारण शुक्रवारी चोथा दाबायला कोणी आलं नाही. मी विचारलं होतं, तुम्ही बघतो म्हणालात. पाळी होती ती दोन नंबरच्या वेळी. चारही दिवस मी टाकीवरच होते. ती वाईन आत्ता तुमच्या तोंडात आहे.”

मालकांनी नुकताच दुसरा घोट घेतला होता, तो खरंच तोंडातच होता. टेबलावर थुंकायला पितळी भांडं ठेवलेलं असायचं, सगळे चव घेऊन त्यात थुंकायचे. मालकांनी त्या भांड्याकडे पाहिलं. मॅनेजरांचा हातही भांड्याकडे गेला होता. कोणी हलेना. मी पण हलले नाही. म्हटलं, थुंका. थुंकायचं तर माझ्यासमोर थुंका, म्हणजे मला कळेल, तुम्हाला चव हवी आहे की सोवळं.

पहिल्यांदा गिळली ती जुन्या ब्लेंडरांनी. ग्लासात उरलेली सगळी. मग त्यांनी ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि त्यात स्वतः बाटलीतून थोडी ओतली. “तू सांग गो बाये,” ते म्हणाले. “कसली चव?”

“जांभूळ,” मी घोट घेऊन म्हटलं. “पिकलेलं, झाडावरून पडलेलं. आणि शेवटी त्याची बी चावल्यावर लागते ती तुरट चव.”

ते हसले. “मी तीस वर्षं शोधतोय हा शब्द. हे लोक मला करंट करंट करून मारतात.”

मग मालकांनीही गिळली. व्यापारी माणूस, चांगला माल थुंकून देईल होय!

आता बसायचा प्रश्न होता. खुर्च्या सहा आणि सातवी आणायला कोणी उठलं नाही. तो मान मला मिळणार नव्हता, हे मी ओळखून होते. मी लॅबमध्ये गेले, माझं उंच स्टूल उचललं आणि केबिनमध्ये आणून टेबलाला लावलं. बसले तेव्हा सगळ्यांची डोकी मला वरून दिसत होती. मॅनेजरांना टक्कल पडायला लागलंय, हे मला त्या दिवशी कळलं. जाताना मी पक्कड घेतली आणि भिंतीतली ती खुंटी उपटून काढली. प्लास्टर पडलं. पडू दे म्हटलं.

इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण कुठली संपते. टेबलावर बसायला परमिट लागायचं, सरकारचं, पिण्याचं. त्या ऑफिसातला कारकून मला म्हणाला, “मिस्टरांचं परमिट काढायला मिस्टरांनीच यायला लागतं, ताई.” त्याला पटवायला माझी अर्धी सकाळ गेली. परमिटवर कारण होतं, प्रकृतीसाठी. घरी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढे नव्वदनंतर मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून चवीचे कार्यक्रम व्हायला लागले. कोट घातलेले वेटर सगळ्या पुरुषांना वाईन द्यायचे आणि मला संत्र्याचा रस. “मॅडम, आपके लिए.” मी तो रस शेजारच्या साहेबाच्या हातात द्यायचे आणि त्याचा ग्लास घ्यायचे. दर वेळी. एकदा एका गृहस्थाने मी कोणाची बायको म्हणून विचारलं. मी म्हटलं, दोन नंबरच्या टाकीची. त्याला कळलं नाही, आणि मला समजावून सांगायची इच्छा नव्हती. त्या हॉलमध्ये सगळे एकाच शाळेतून आल्यासारखे बोलायचे, एकाच प्रकारे ग्लास फिरवायचे. माझ्यासारखं आडनाव असलेला माणूस दिसायचा तो फक्त बर्फ आणून देताना.

कारखान्यातही मॅनेजर माझ्याशी दोन वर्षं कामापुरतंच बोलले. नम्रपणेच. जुने ब्लेंडर निवृत्त होताना मालकांनी आधी सेल्समधल्या एकाला ती जागा देऊन पाहिली. त्याने केलेली पहिली मिसळण हॉटेलांकडून परत आली. मग मला बोलावलं. बोलावताना उपकार केल्याचा आव होता. मी उपकार घेतला नाही, जागा घेतली. जुन्या ब्लेंडरांच्या खुर्चीत बसले. पण माझं उंच स्टूल मी केबिनमधून हलवू दिलं नाही. अडचण होते, पायात येतं, अशी सगळ्यांची तक्रार होती. असू दे, मी म्हणायचे.

मग एके वर्षी लॅबमध्ये नवी केमिस्ट लागली. डोंबिवलीची, चष्मा, बारीकसा आवाज, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिला कोणीतरी काम समजावलं होतं. कोणी ते मला माहीत नाही, पण काय समजावलं असेल ते माहीत होतं. पहिल्या शनिवारी तिने ग्लास पुसले, चिठ्ठ्या लावल्या, ट्रे आत आणून टेबलावर ठेवला आणि आवाज न करता मागे सरकत, दार ओढून घेत बाहेर निघाली.

“अगं, दार लाव,” मी म्हटलं.

“हो मॅडम, लावतेच आहे.”

“तिकडून नाही,” मी स्टुलाकडे बोट दाखवलं. “आतून.”